ऋणनिर्देशातील एक नाव

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘आपली संशोधन-वाटचाल लिहून पाठवावी’ असे कळविले, तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा, की माझी वाटचाल ती काय सांगावी! तालुक्याच्या गावी एका वरिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवितो. थोडेफार शोधनिबंध नावावर आहेत. त्यातले कोणतेही वर्तमानपत्रात छापून येण्याजोगे नाही. मात्र पीएच.डी.च्या निमित्ताने विद्यापीठाच्या ज्या प्रयोगशाळेत मी सहा वर्षे काढली, तेथील माणसांविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आणि तेथील एक प्रसंग असा आहे की, तो मी आजवर कोठेही लिहिलेला नाही. तो मला फारसा भूषणावह नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आरंभ मात्र आपल्या वसतिगृहातील हौदापासून करावा लागेल. पाचवी ते दहावी मी येथे होतो. माझ्या ताटावर खिळ्याने कोरलेला क्रमांक 41 होता. जेवण झाले की ज्याचे ताट त्याने राखेने घासायचे, विसळायचे आणि फळीवर पालथे घालायचे, हा नियम. अधीक्षक सरही आपले ताट घेऊन त्याच रांगेत उभे राहत आणि पुढे जाण्यासाठी कोणी जागा दिली तर रागावत. रविवारी स्वयंपाकघरातील मोठी पातेली घासण्याची पाळी येई, तेव्हा आम्ही पोटदुखीची सोंगे आणीत असू. मी तर त्या कलेत निष्णात होतो. शाळा सुटली तसा तो नियमही सुटला, आणि पुढे कित्येक वर्षे त्याची आठवण होण्याचे काही कारण पडले नाही.

2005 साली मी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात संशोधक विद्यार्थी म्हणून दाखल झालो. विद्यापीठाचे नाव हेतुपुरस्सर लिहीत नाही. अशा प्रयोगशाळा देशभर आहेत आणि त्यांतील दिवस साधारण सारखेच असतात. दोन लांब ओटे, त्यांवर नळ्या, शीतके, तेलाची तापती पात्रे. कोपऱ्यात सोडियम आणि बेंझोफिनोन घालून उकळत ठेवलेले टीएचएफ हे द्रावक. ते पूर्ण कोरडे झाले की गडद निळे होते, आणि तो निळा रंग आला की सकाळी सर्वप्रथम पोहोचलेल्या विद्यार्थ्याचा चेहरा उजळतो. ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट आणि हेक्झेन यांचा मिळून एक वास असतो. तो कपड्यांत, पुस्तकांत, सुटीत गावी नेलेल्या पिशवीतही शिरतो. माझी आई म्हणे, ‘हा आला की घरात रंगारी आल्यासारखे वाटते.’

वडील एकदाच तेथे आले. प्रयोगशाळेच्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडल्यासारखे करून आत पाऊल टाकले. मी काही बोलण्यापूर्वीच आतून आवाज आला, ‘अहो दादा, चपला घाला आधी! खाली काच असती.’ तो आवाज मामांचा. वडिलांना एका स्टुलावर बसवून त्यांनी बाहेरून चहा आणविला, मात्र तो आत पिऊ दिला नाही. दोघेही व्हरांड्यात उभे राहून प्याले. परत जाताना वडील मला म्हणाले, ‘तुझे मोठे साहेब चांगले आहेत.’ मामा प्रयोगशाळा-परिचर आहेत, साहेब नाहीत, हे मी त्यांना सांगितले नाही. का सांगितले नाही, हे मला आज नीट उमगते. तेव्हा केवळ घाई होती म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

प्रयोगशाळेत माणसे किती प्रकारची असतात, हे बाहेरून कळत नाही. आमचे मार्गदर्शक सर सकाळी व्याख्याने, दुपारी बैठका आणि सायंकाळी आमच्या वह्या, अशा तीन पाळ्यांत जगत. त्यांच्या हाताखाली आम्ही सहा-सात जण. तळमजल्यावर भांडार, तेथील भांडारपाल फिल्टर पेपरचे खोके देतानाही स्वतःच्या घरातून काढून देत असल्यासारखा चेहरा करीत. एनएमआर यंत्राच्या खोलीत एक तंत्रज्ञ होते. त्या यंत्राचे अतिसंवाहक चुंबक द्रव हेलियमात बुडालेले असते आणि त्याभोवती द्रव नायट्रोजनाचे कवच असते. नायट्रोजन ठरल्या दिवशी भरावाच लागतो. दिवाळी असो वा आंबेडकर जयंती, ते गृहस्थ येऊन नायट्रोजन भरून जात. आणि मग काचकाम करणारे काका. शीतकाला तडा गेला, फ्लास्कचा जोड निखळला की आम्ही त्यांच्याकडे धावत असू. ते आधी फ्लास्क नाकाशी धरीत. द्रावकाचा किंचितही वास आला तर न बोलता परत देत. कारण वाफ उरलेल्या भांड्याला ज्योत लावणे म्हणजे हात-तोंड भाजून घेणे. धुऊन, वाळवून पुन्हा नेले की मग ते ज्योतीवर काच अशी फिरवीत, जणू पीठ मळताहेत. ते निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही. आता सर्वत्र तुटलेली काच फेकून नवी मागवितात. ती येईपर्यंत विद्यार्थी खोळंबून राहतो.

या सर्वांत मामांचे काम सर्वांत खालचे मानले जाई. भांडी धुणे, ओटे पुसणे, ऊर्ध्वपातित पाण्याचे कॅन भरणे, कचरा नेणे. आम्ही दिवसभरात वापरलेले फ्लास्क, पिपेटी, काचेचे स्तंभ एका प्लॅस्टिकच्या टबात टाकून निघून जात असू. सकाळी ते सर्व ओव्हनमधून कोरडे होऊन फडताळात आलेले असे. कसे, हे कोणी विचारीत नसे. तेव्हा चिकट डागांसाठी क्रोमिक आम्ल वापरीत. आता त्यातील क्रोमियमच्या विषारीपणामुळे बहुतेक ठिकाणी ते बंद झाले आहे. परंतु त्या काळी मामांच्या बोटांची टोके त्या आम्लाने पिवळट तपकिरी झालेली होती. हातमोज्यांची खोकी संशोधक विद्यार्थ्यांच्या नावावर दिली जात. परिचराच्या नावावर हातमोजे मागविण्याचा रकानाच भांडाराच्या वहीत नव्हता, आणि तो नाही हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलेले नव्हते.

मामा नव्याने आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून ‘डॉक्टर’ म्हणत. मुलींना ‘ताई’. पदवी मिळण्यापूर्वी पाच-सहा वर्षे तो शब्द ऐकताना प्रथम गंमत वाटे, मधल्या काळात टोचणी लागे, आणि शेवटच्या वर्षी तर मामा चेष्टा करीत आहेत की काय, असा संशय येई. ते आठवीपर्यंत शिकलेले होते. बाटल्यांवरील इंग्रजी नावे अक्षर जुळवून वाचीत, पण बहुधा त्याची गरज पडत नसे. भांड्याच्या तळाशी राहिलेला रंग आणि वास यांवरून कोणी काय केले ते त्यांना समजे. ‘डॉक्टर, आज जळालं वाटतं,’ असे ते म्हणत, तेव्हा खरोखरच काहीतरी जळालेले असे.

आता तो प्रसंग. त्यासाठी थोडे रसायनशास्त्र सांगावे लागेल. कंटाळा येऊ नये इतकेच सांगतो.

दोन बेंझिन कड्यांची सांगड घालण्याची एक सुप्रसिद्ध अभिक्रिया आहे. अकीरा सुझुकी या जपानी शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. 2010 साली त्यांना रिचर्ड हेक आणि एइ-इची नेगिशी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. औषधे तयार करण्याच्या कामी ती फार उपयोगी पडते. परंतु ती घडवून आणण्यास पॅलॅडियम हा धातू लागतो आणि पॅलॅडियम हा प्लॅटिनमच्या कुळातला, महागडा. सरांची कल्पना अशी की, पॅलॅडियमऐवजी लोखंडाचा स्वस्त क्षार वापरून पाहावा. माझे तीन वर्षांचे काम त्याभोवती होते. अशा कामात एक कोरा प्रयोग करावा लागतो. म्हणजे बाकी सर्व तसेच ठेवून फक्त धातू घालायचा नाही. त्यात काहीही घडू नये, अशी अपेक्षा असते.

2008 च्या पावसाळ्यात एका रात्री मी तो कोरा प्रयोग केला आणि टीएलसीच्या पट्टीवर अतिनील दिव्याखाली पाहिले, तर अपेक्षित पदार्थाचा ठिपका लखलखीत दिसत होता. धातू घातलेला नसताना! पुन्हा केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मिश्रण स्तंभातून वेगळे करून वजन केले, तर यील्ड 68 टक्के. धातूविना सुझुकी! मी त्या रात्री वसतिगृहावर गेलोच नाही. ओट्याशी बसून काल्पनिक शोधनिबंधाचे शीर्षक पाच-सहा प्रकारे लिहून पाहिले. सरांनी दुसऱ्या दिवशी वही पाहिली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘आणखी पाच वेळा कर.’ पाचही वेळा झाले. सरांनी निबंधाचा मसुदा करावयास घेतला. पहिले नाव माझे. गावी फोन करून मी वडिलांना सांगितले की, माझे लिहिलेले आता परदेशात छापून येणार.

मात्र कोणताही निष्कर्ष दुसऱ्या हाताने पडताळून पाहावा, असा सरांचा दंडक होता. ते काम त्यांनी माझ्या धाकट्या सहाध्यायिनीकडे दिले. ती नुकतीच आलेली, गडचिरोलीकडची, अत्यंत काटेकोर. तिने माझ्याच बाटल्यांतून रसायने घेतली, माझ्याच वहीप्रमाणे केले. काही घडले नाही. पुन्हा केले, नाही. नऊ वेळा केले. शनिवारच्या गटबैठकीत सरांनी कारण विचारले, तेव्हा ती खाली मान घालून उभी राहिली आणि मी म्हणालो, ‘सर, तिचा हात अजून बसलेला नाही.’ हे वाक्य मी सहज, जवळजवळ मायेने उच्चारले होते. ती त्या दिवशी वजनकाट्याच्या खोलीत जाऊन रडली, हे मला नंतर दुसऱ्या कोणाकडून कळले.

त्याच्या पुढच्या आठवड्यातील गोष्ट. सायंकाळचे भारनियमन चालू होते. त्या वर्षांत ते नित्याचेच होते. पंखे बंद, बाष्पकाढू यंत्र बंद, सगळे हातावर हात ठेवून बसलेले. मामा खिडकीजवळच्या उजेडात भांडी विसळीत होते. त्यांनी विचारले,

‘डॉक्टर, एक विचारू का? तुमच्या अन् ताईंच्या कामात फरक काय?’

‘काहीच नाही, मामा. तीच रसायने, तेच तापमान.’

‘मग तुमची गोळी काळी अन् त्यांची पांढरी कशी?’

गोळी म्हणजे मॅग्नेटिक बीड. द्रावण ढवळण्यासाठी फ्लास्कमध्ये टाकतात ती टेफ्लॉनचे पांढरे आवरण असलेली, औषधाच्या कॅप्सूलसारखी चुंबकाची कांडी. माझी कांडी जुनी होती आणि तिच्या मध्यभागी काळपट राखाडी डाग होता. आमच्या जुन्या यंत्रावर ती इतर कांड्यांपेक्षा चांगली फिरे, म्हणून मी तीच वापरीत असे.

मी म्हणालो, ‘जुना डाग आहे, जात नाही.’

‘कसा जाईल? ती मोठ्या ताईंची. त्या पलाडियमचं काम करायच्या, तवापासून काळी हाय. क्रोमिकात दोन दिवस ठेवली तरी जात नाही. तसल्या दुसऱ्या मी टाकून दिल्या. ही फिरती चांगली म्हणून ठिवली.’

मोठ्या ताई म्हणजे माझ्याआधी प्रबंध पूर्ण करून गेलेल्या विद्यार्थिनी. त्यांचे नाव मी त्यांच्या प्रबंधाच्या पाठीवर पाहिले होते. त्यांची कांडी माझ्या फ्लास्कमध्ये फिरत होती, ही वंशावळ संपूर्ण विभागात केवळ एका माणसास ठाऊक होती.

वीज आल्यावर मी दोन फ्लास्क लावले. पहिल्यात सर्व माझे, मात्र नवी पांढरी कांडी. दुसऱ्यात सहाध्यायिनीने तयार केलेले मिश्रण आणि माझी काळी कांडी. मध्यरात्रीनंतर पट्टी पाहिली. माझ्या फ्लास्कमध्ये काहीही घडलेले नव्हते. तिच्या फ्लास्कमध्ये ठिपका लखलखीत होता.

त्यानंतरचे तीन दिवस मी कोणालाही काही सांगितले नाही. त्या तीन दिवसांत मला वंदनेतील चौथे शील आठवले, असे लिहिले तर या स्मरणिकेस ते शोभून दिसेल. परंतु मला आठवत होते ते अधिछात्रवृत्तीचे उरलेले महिने, सरांच्या टेबलावरील मसुदा, आणि गावी केलेला फोन. मी स्वतःशी युक्तिवाद करीत होतो. मी कोठे खोटे लिहिले होते? धातू घातला नाही, हे तर खरेच होते. ढवळण्याची कांडी कोणती, असे कोणताही परीक्षक विचारीत नाही. सहाध्यायिनीचा हात न बसल्याची नोंद आपोआप विसरली गेली असती. हे सर्व मला पटतही होते, आणि म्हणूनच जेवण जात नव्हते.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी मामांनी फिल्टर पेपरमध्ये गुंडाळलेली एक पुडी माझ्या ओट्यावर ठेवली. आत ती कांडी होती, न धुतलेली.

‘डॉक्टर, ही धुऊ का, की राहू देऊ?’

बस्स, इतकेच. अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात टाकली असती, तर त्यातील पॅलॅडियम विरघळून वाहून गेले असते आणि कोणालाही काही कळले नसते. मामांना हे ठाऊक होते का? अम्लराजाचे काम ते आमच्यासमोरच करीत. ते सर्व समजून विचारीत होते की नेहमीसारखे साधेच, हे मला आजही ठरविता आलेले नाही. त्यांना मी पुढे कधी विचारले नाही. मी म्हणालो, ‘राहू द्या,’ आणि पुडी खिशात घालून सरांच्या खोलीत गेलो.

सरांनी सर्व ऐकून घेतले. ते चिडतील असे वाटले होते. ते चिडले नाहीत, मात्र एकदम थकल्यासारखे दिसले. मसुद्याची पाने एकत्र करून त्यांनी खणात ठेवली. मग कपाटातून दोन शोधनिबंध काढून माझ्यापुढे टाकले. पहिला 2003 सालचा, लीडबीटर आणि त्यांच्या सहकाऱ्याचा. त्यात धातूविना सुझुकी अभिक्रिया घडल्याचा दावा होता. दुसरा 2005 सालचा, लीडबीटर यांच्याच गटाचा. बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्येच अब्जात सुमारे 50 भाग इतके सूक्ष्म पॅलॅडियम होते आणि बहुधा तेवढ्यानेच अभिक्रिया घडत होती, हे त्यांनी स्वतःच तपासून, स्वतःच जाहीर केले होते. सर म्हणाले, ‘हे मी तुला पहिल्याच दिवशी द्यायला हवे होते. तुझा कार्बोनेट शुद्ध आहे हे पाहिले आणि मी थांबलो. हाव मलाही सुटली.’

पुढच्या शनिवारी बैठकीत मी सर्व सांगितले. सहाध्यायिनीकडे पाहून ‘तुझा हात बरोबर होता, माझी कांडी चुकीची होती’ असे म्हणालो. इतर जण हसले. ती हसली नाही. तिने वहीत काहीतरी टिपून घेतले. बैठकीनंतर मी माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, ‘नऊ वेळा केलं मी. दहाव्यांदा तुमच्यासारखंच येईल अशी वही लिहावी, असं एकदा मनात आलं होतं.’ यावर मला उत्तर सुचले नाही. माझ्या एका वाक्याने तिला कोठवर नेऊन ठेवले होते, हे तेव्हा कळले.

सांत्वन म्हणून सरांनी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कार्ल झीग्लर यांची हकिकत सांगितली. 1953 साली जर्मनीतील म्युलहाइम येथे त्यांचा विद्यार्थी होल्झकांप याच्या प्रयोगात इथिलीनपासून लांब साखळ्यांऐवजी दोनच रेणूंचा ब्युटीन तयार होऊ लागला. तपास केला तेव्हा दाबपात्रात राहिलेला निकेलचा सूक्ष्म अंश सापडला. तेवढ्यावर न थांबता त्यांनी इतर धातू एकामागून एक तपासले आणि त्यातून कमी दाबाखाली पॉलिथीन बनविण्याचा मार्ग हाती आला. झीग्लर यांना 1963 साली नात्ता यांच्याबरोबर नोबेल मिळाले. सर म्हणाले, ‘न धुतलेल्या भांड्यातून बादल्या निघाल्या बघ.’ त्यांच्या हाती बादल्या लागल्या. माझ्या हाती तीच गोळी राहिली. अम्लराजात उकळल्यावर तिच्यातून निघालेले पॅलॅडियम आम्ही दुसऱ्या एका संस्थेत मोजून घेतले, आणि धुतलेली गोळी वापरली तेव्हा अभिक्रिया पूर्णपणे थांबली. प्रबंधात त्यावर अकरा पानांचे एक प्रकरण आहे. त्यात काहीही घडत नाही, एवढेच सिद्ध केलेले आहे. माझी जवळजवळ तीन वर्षे त्या अकरा पानांत गेली.

परिणाम व्हायचे ते झाले. नवा विषय घ्यावा लागला, वर्ष वाढले, अधिछात्रवृत्ती संपली. शेवटचे काही महिने सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेऊन काढले. वडिलांना सांगितले की, छापणाऱ्यांनी उशीर केला. हे मात्र मी खोटे बोललो.

त्या काळात मला एक सवय परत लागली. सायंकाळी आपली भांडी आपण विसळावीत, असे वाटू लागले. आरंभी मामांना ते आवडले नाही. ‘माझं काम तुम्ही केलं तर साहेब मला काय म्हणतील?’ असे ते म्हणत. मग तडजोड झाली: ते धूत, मी विसळून ओव्हनमध्ये ठेवी. नळाखाली उभे राहिले की वसतिगृहातील हौद आठवे, आणि पोटदुखीची सोंगेही. त्यांच्यासाठी मी जाड रबरी हातमोजे विकत आणले. दोन दिवस घालून त्यांनी ते खुंटीला टांगले; म्हणाले, ‘यात काच कळत नाही.’ पुढे सरांनी भांडाराच्या वहीत तो रकाना घालून घेतला आणि पातळ हातमोजे येऊ लागले. तोवर मामांच्या निवृत्तीस दोन वर्षे उरली होती.

2011 साली प्रबंध बांधणीस देण्यापूर्वी ऋणनिर्देश लिहावयास बसलो. मार्गदर्शक, विभागप्रमुख, सहाध्यायी, आई-वडील, आपली शाळा, हे सर्व लिहून झाले. मग लिहिले, ‘आणि आमच्या प्रयोगशाळेचे’, आणि लेखणी थांबली. मामांचे नाव मला ठाऊक नव्हते. सहा वर्षे रोज ज्यांच्याशी बोललो, ज्यांना माझ्या कांडीची वंशावळ पाठ होती, त्यांचे नाव मला ठाऊक नव्हते. आडनावही नाही. मी खाली गेलो आणि विचारले.

‘कशाला पाहिजे?’ मामा म्हणाले. ‘पगाराच्या कागदावर हाय की.’

मी कारण सांगितले. त्यांनी हात पुसले, खिशातून ओळखपत्र काढून माझ्या हातात दिले आणि मी उतरवून घेत असताना वडिलांच्या नावातील एक दीर्घ वेलांटी बोट ठेवून दाखविली. ‘ही कायम चुकवतात,’ म्हणाले.

पुढे अध्यापनासाठी वाचन करताना मायकेल फॅरडे यांच्याविषयी एक गोष्ट समजली आणि ती मी दरवर्षी वर्गात सांगतो. फॅरडे हे लोहाराचे पुत्र. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून 1813 साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून लागले. तेथे त्यांचे आरंभीचे काम बरेचसे मामांच्याच कामासारखे होते. पुढे प्रकाशीय काचेवरील प्रयोगांसाठी त्यांनी अँडरसन नावाचा एक निवृत्त सार्जंट भट्टी सांभाळण्यास ठेवला. 1845 साली चुंबकत्वाचा प्रकाशावर परिणाम होतो हे फॅरडे यांनी प्रथम दाखविले, ते त्याच काचेच्या एका तुकड्यातून प्रकाश पाठवून. त्या शोधनिबंधाच्या तळटीपेत त्यांनी अँडरसनचे नाव घेऊन त्याच्या काळजीपूर्वक, अचूक व निष्ठेच्या कामाचे आभार मानले आहेत. निबंधाच्या शिरोभागी अर्थातच एकट्या फॅरडे यांचे नाव आहे. विद्यार्थी विचारतात, ‘सर, मग अँडरसनचे नाव वर का नाही?’ चांगला प्रश्न आहे. माझ्या प्रबंधातही मामांचे नाव वर नाही, आतच आहे, आणि ती अकरा पाने त्यांच्यावाचून लिहिली गेली नसती.

ते नाव मी येथेही लिहीत नाही. लेखाबद्दल फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी बजावले, ‘पुस्तकात घातलं तेवढं बास झालं. आता छापू नका. गावातले पोरं चिडवतात.’ ज्यांना पाहावयाचे असेल त्यांना ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात, प्रबंधाच्या आरंभीच्या पानांत सापडेल. वेलांटी दीर्घ आहे.

सहाध्यायिनी आज एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीच्या विभागात आहे. तिच्या विभागात ढवळण्याच्या कांड्या एका ठरावीक वापरानंतर मोजून बाद करतात, असे तिने मला मध्यंतरी सांगितले. नियम कोणी केला, असे मी विचारले नाही.

माझ्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा लहान आहे. परिचराचे पद रिकामे आहे, त्यामुळे विद्यार्थी भांडी स्वतःच धुतात; यात माझे कर्तृत्व काही नाही. फळीवर ओळीने पालथे घातलेले फ्लास्क पाहिले की, त्यांवर कोणी खिळ्याने क्रमांक कोरलेला नाही ना, असे उगाचच पाहावेसे वाटते. टेबलाच्या खणात एका झाकणाच्या बाटलीत ती गोळी आहे. अम्लराजाने पांढरी झाली असली, तरी मध्यभागी किंचित राखाडी छटा उरलीच आहे.

2019 साली रशियातील अनानिकोव्ह यांच्या गटाचा एक शोधनिबंध वाचनात आला. ढवळण्याच्या मॅग्नेटिक कांड्यांचे टेफ्लॉन वापराने झिजते, त्याच्या भेगांत पॅलॅडियमसारख्या धातूंचे सूक्ष्म कण अडकून राहतात, आणि पुढच्या प्रयोगात तेच अभिक्रिया घडवून संशोधकास चकवितात, हे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले होते. मी तेथल्या तेथे मामांना फोन लावला. ते शेतावर होते. पंपाचा आवाज येत होता. मी मोठ्याने सांगितले, ‘मामा, तुमची गोष्ट खरी ठरली. रशियातल्या शास्त्रज्ञांनी छापून आणलंय, काळी गोळी फसवते म्हणून.’

पलीकडे थोडा वेळ नुसताच पंप ऐकू आला. मग मामा म्हणाले, ‘बरं झालं. पण डॉक्टर, ते लोक गोळ्या कशात धुतात, तेवढं विचारा.’